गवती खुर्चीची मॅन्सीबद्दल तक्रार

मी एक जुनी, गवती पाठीची खुर्ची आहे, आणि बाकी काही सांगायच्या आधी मला मॅन्सीबद्दलची तक्रार सांगू द्या. हा माणूस बाहेरून येतो, ओला कोट माझ्या हातावर फेकतो, ओले हातमोजे माझ्या मांडीवर टाकतो, आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभा राहतो. बसत नाही. पन्नाशी आली, दिवसभर फेरीबोटीवर दोर ओढून कंबरेचे टाके ढिले झाले, तरी माझ्यावर टेकायचं नाव नाही. मित्रांनो, खुर्चीचा याहून मोठा अपमान कोणता?

मी काही ऐरीगैरी खुर्ची नाही. आमच्या स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या ऑर्कनी बेटांवर झाड उगवत नाही, वारा उगवू देत नाही. लाकूड देतो तो समुद्र. एक गलबत खडकावर फुटलं, त्याच्या फळ्या किनाऱ्याला लागल्या, आणि मॅन्सीचा बाप एर्लेंड, त्याच्या आजोबांनी त्या पाठीवरून घरी आणल्या. त्यातून माझे पाय झाले, हात झाले. पाठ मात्र शेतातल्या ओटच्या गवताची. गवताचे पेड वळायचे, सुतळीने एकावर एक शिवायचे. आख्खा हिवाळा म्हातारा शिवत बसला होता. म्हणून माझी पाठ उंच आणि गोल आहे. दाराखालून शिरणारा वारा माझ्यात बसलेल्या माणसाला शिवत नाही. बैठकीखाली एक खण आहे. त्यात एका बाजूला बायबल असायचं, दुसऱ्या बाजूला व्हिस्कीची बाटली. दोघांचं कधी भांडण झालं नाही.

माझा मान असायचा तो नववर्षाच्या दुपारी. मांस भरलेला भलामोठा पाई खाऊन झाला, की घरात जमलेल्या प्रत्येकाने पाळीपाळीने माझ्यात बसायचं आणि काहीतरी सादर करायचं. गाणं म्हणा, गोष्ट सांगा, नाहीतर थापा मारा. खुर्चीतल्या माणसाला मध्ये तोडायचं नाही, हा कायदा. एर्लेंड गोष्ट सांगायला लागला की पाद्रीबाबासुद्धा चहा गार करून बसायचे. गोष्ट ऐन रंगात आली की तो माझ्या उजव्या हातावर थाप मारायचा. तिथे खड्डा पडला आहे. मी तो मिरवते.

मग एर्लेंड गेला. पुढच्या नववर्षाला कोणी बसलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. पाळी आली की ज्याला त्याला घसा बसल्याची आठवण व्हायची. एर्लेंडची बायको थोरा माझ्यावर धुतलेले कपडे रचू लागली. मला शेगडीजवळ सरकवलं, तिथे माझं गवत वाळून तुटायला लागलं. खणात मेणबत्त्यांची थोटकं आली. शेवटी थोराने शहरातल्या एका हॉटेलवाल्याला निरोप धाडला. तो मला दर्शनी खोलीत ठेवणार होता, दोरी बांधून, बसायला मनाई करून.

"यंदा कोणी बसलं तर राहील," थोरा म्हणाली. "नाहीतर पुढच्या बोटीने जाऊ दे तिला. कपडे वाळत घालायला मला दोरी पुरते."

तिचा आवाज कोरडा होता. पण ती बोलताना माझ्या हातावरचा खड्डा बोटाने चाचपत होती, ते मला कळलं.

त्या नववर्षाला मॅन्सीची लेक मेरन ॲबर्डीनहून आली. तिने खण उघडला, थोटकं बाहेर काढली आणि आत मूठभर फासे ओतले. एकेकाला वीस बाजू! मला गुदगुल्या झाल्या आणि संतापही आला.

"आजी, यंदा सोंगांचा खेळ खेळू," मेरन म्हणाली. "मी गोष्ट सांगणार, तुम्ही एकेक सोंग घ्यायचं. अडचण आली की तुमचं सोंग काय करेल ते तुम्ही बोलायचं, आणि जमतं की नाही ते फासा ठरवणार."

"नववर्षाला पोरखेळ? तुझ्या आजोबांना फासे लागत नव्हते गं."

"आजोबा आहेत का आता?"

थोराने माझ्यावरचे कपडे उचलले. "खेळा. पण माझ्या घरात आज जो सोंग घेईल तो खुर्चीत बसून बोलेल."

पहिला बसला शेजारचा डेव्हिक. आमच्याकडे नव्या वर्षात उंबरा ओलांडणारं पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचं लागतं, हातात कोळसा आणि लोण्याची बिस्किटं घेऊन. तो मान डेव्हिकचा. आता त्याच्या डोक्यावर केस उरलेले नाहीत, पण होते तेव्हा काळे होते, असं म्हणून सगळे चालवून घेतात.

"मी राजकन्या," डेव्हिक म्हणाला. "सोनेरी वेणी, डोक्यावर मुकुट."

"आधी केस आण," थोरा म्हणाली, "मग मुकुट घाल."

"वहिनी, खुर्चीतल्या माणसाला तोडायचं नसतं!"

किती दिवसांनी माझ्या पाठीला हसणाऱ्या माणसाचे हादरे बसले!

"बाबा, आता तू," मेरन म्हणाली.

"माझं राहू दे."

"बोटीवर दोर फेकतोस ना? तसा एक फासा फेक."

मॅन्सी आला. अगदी कडेला टेकला, जणू मी तापलेली शेगडी आहे. मग म्हणाला, "उंच माणूस. केस काळे."

डेव्हिकला हसू फुटलं. थोराने त्याच्या पायावर पाय दिला. मित्रांनो, मॅन्सीचे केस गाजरासारखे तांबडे आहेत, आणि तांबड्या केसांचं पहिलं पाऊल आम्ही अशुभ मानतो. लहानपणी एका नववर्षाला तो सगळ्यांच्या आधी धावत घरात शिरला होता, का तर माझ्यात पहिल्यांदा बसायला मिळावं. थोराने कान धरून त्याला बाहेर काढला. त्याच वर्षी घरची होडी वादळात गेली. त्याला कोणी बोललं नाही, पण कोणी विसरलंही नाही. तेव्हापासून दर नववर्षाला तो आपणहून अंगणात थांबतो, डेव्हिक आत गेल्यावरच येतो. तो माझ्यात न बसता नुसता ओला कोट का टाकतो, ते मला त्या दुपारी उमगलं.

मेरनने गोष्ट पुढे नेली. समुद्रातल्या अजगराने बेटाकडे येणाऱ्या बोटी अडवल्या होत्या. आता गुहेचं दार समोर होतं.

"आत अजगर घोरतोय. बाबा, तलवार काढतोस की दोर?"

"आज वार कोणता?"

"म्हणजे?"

"गोष्टीत. आज दिवस कोणता आहे?"

"नववर्षाचा, समज."

"मग कुणाच्या दारात तलवार घेऊन कसा जाऊ? कोळसा आहे का माझ्याकडे?"

मेरनने आपले कागद उलटेपालटे केले. "बाबा, ही लढाई आहे! तुझ्याकडे तलवार, दोर आणि कंदील आहे."

"कंदील आहे म्हणजे घर आहे," थोरा स्वयंपाकघरातून ओरडली, "आणि घर आहे म्हणजे चूल आहे. कोळसा दे त्याला!"

कोळसा मिळाला. फासा पडला, आणि पडला तो दोनावर. अजगर जागा झाला, तोही चिडून. मॅन्सी मात्र मागे टेकून बसला, अगदी पाठीला पाठ लावून. "बाबा रे," तो अजगराला म्हणाला, "तुझ्या दारात कित्येक वर्षांत माणूस आला नसेल. म्हणून तू बोटी अडवतोस. मी आलोय. हा कोळसा, ही बिस्किटं." आणि त्याने माझ्या उजव्या हातावर थाप मारली. बरोब्बर त्या खड्ड्यात.

थोरा कढईतला डाव हातात घेऊनच दारात आली.

मेरनने आवाज जाडा केला. "तुझे केस खरंच काळे आहेत का? कंदिलाखाली ये, बघू दे."

मॅन्सीने डोक्यावरची लोकरी टोपी काढली. "नाहीत," तो म्हणाला. "तांबडे आहेत. नको असेन तर जातो परत."

मेरनने फासा उचलला, पण टाकला नाही. आजीकडे पाहत राहिली.

"अजगराचं मी बोलते," थोरा म्हणाली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "ये आत. दार लावून घे, गार वारा येतोय."

गोष्ट तिथून कुठल्या कुठे गेली. अजगराने पाई खाल्ला, राजकन्येने त्याला नाच शिकवला, आणि मेरनच्या एकाही कागदाचा उपयोग झाला नाही. ती म्हणाली, इतका चांगला खेळ तिने कधी मांडला नव्हता. हॉटेलवाल्याला थोराने फोनवर दोन शब्दांत वाटेला लावलं. फासे माझ्या खणातच राहिले, बायबलच्या शेजारी, पूर्वी बाटली असायची त्या जागी. मी तक्रार करत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी म्हातारी खुर्ची असेल तर तिला आगीपासून दूर ठेवा, अधूनमधून ओल्या फडक्याने पुसा. पण खरी निगा एकच: तिच्यावर बसा, आणि बसून बोला. काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि माझी तक्रार? तिचा निकाल त्याच संध्याकाळी लागला. मॅन्सी निघाला, सवयीने माझ्या मांडीवर हातमोजे शोधू लागला. थोराने ते माझ्या पायाशी पडलेले उचलून त्याच्या छातीवर आपटले.

"हे ठेवायला बाहेर खुंटी आहे. आणि ऐक. पुढच्या नववर्षाला आधी तू शिरायचंस. डेव्हिक मागून येईल."

"आई, पण होडी..."

"होडी वाऱ्याने नेली, मॅन्सी. तुझ्या केसांनी नाही. कोळसा विसरलास तर मात्र कान धरून बाहेर काढीन."