डोंगरउतारावरची शेवटची बी

मी एका रानफुलाची बी बोलते आहे. दिसले तर दिसले, इतकी बारीक! माझी आई डोंगराच्या उतारावर वाढली. मी पिकत होते तेव्हाच माझ्यात झोपेचा रस साठला. अभ्यासक त्याला अ‍ॅबसिसिक आम्ल म्हणतात. थंडी सरेपर्यंत उठायचं नाही, अशी ती ताकीदच होती.

पुढे तो उतार कोसळला. आई आणि तिचं सारं गणगोत मातीखाली गेलं. आधी गोळा करून, दुर्मिळ बिया जपणाऱ्या भांडारात आणलेल्या आम्ही मूठभर बहिणी तेवढ्या उरलो.

भांडारातल्या बाईंनी आम्हाला ओल्या टीपकागदावर ठेवलं. पाणी मिळालं, ऊबही मिळाली. मी फुगले, पण जागची हलले नाही. काहींना तर बुरशी लागली.

भांडाराचे प्रमुख, म्हणजे सर, वाकून बघत म्हणाले, "यांच्यात काही राम उरलेला नाही. टाकून द्या."

"एकदा खात्री करते ना, सर."

बाईंनी माझ्या एका बहिणीला चिरून तपासणीच्या बिनरंगी द्रावणात ठेवलं. तिचा गर्भ लालबुंद झाला. जिवंत पेशीच तसा रंग धरतात. ती गेली, पण जाता जाता आमची बाजू मांडून गेली.

"अहो, या झोपल्यात!" बाई म्हणाल्या. "थंडी न बघता उठतील कशा?" त्यांनी आम्हाला ओल्या कागदासकट फ्रिजमध्ये ठेवलं.

त्या गारव्यात माझा झोपेचा रस हळूहळू ओसरला. तरी वाढ रोखणारी काही प्रथिनं आत ठाण मांडून होती. बाहेर काढल्यावर बाईंनी जिबरेलिनचे थेंब सोडले. हे जागं करणारं संप्रेरक. त्याची खूण पटताच माझ्या पेशींनी ती अडेल प्रथिनं मोडून काढली. अंगात साठवलेलं अन्न विरघळू लागलं, साल तडकली आणि इवलंसं पांढरं मूळ बाहेर आलं.

"सर, लवकर या!" बाईंनी हाक मारली. हसू आणि रडू एकदमच आलं त्यांना.

सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "बरं झालं बाई, माझं ऐकलं नाहीत."

आता मी कुंडीत आहे, शेजारी बहिणीही आहेत. दोन पानं फुटली आहेत. सर येता-जाता पाणी घालतात आणि बाईंची बोलणी खातात. सर, तुमची माया कळते हो! पण हात जरा आखडता घ्या. आत्ता कुठे जागी झालेय, मला बुडवू नका.