घाटेबाबांचं हिरवं शेत

सिल्लोड रस्त्यावरच्या त्या गावात दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. त्यात हरभऱ्याला मर लागली. रोपं उभ्या उभ्या वाळत होती. हिरवं होतं ते फक्त मठातल्या घाटेबाबांचं एक एकर, आणि त्याच्या बांधावर अख्खं गाव हात जोडून उभं होतं.

"अशुद्ध बीज, अशुद्ध शेत!" बांधावर पेटवलेल्या होमापुढून बाबा गरजले. गेल्या साली गावाचं जुनं बी होमात घालायला लावून त्यांनी घरोघरी मंत्रवलेलं बी वाटलं होतं. "तरी मर लागली! का? कुणीतरी जुनं बी लपवलंय!"

माना मालनबाईकडं वळल्या. आईनं दिलेल्या वाणाचं निम्मं बी तिनं राखेत घालून मडक्यात ठेवलं होतं. आज सकाळीच दिरानं, कडुबानं, ते उतरंडीतून शोधून काढलं आणि तिला मडक्यासकट इथं आणलं.

"घाल होमात, वैनी. नायतर गाव सोड." एरवी तिच्यासमोर मान वर न करणारा कडुबा आज तिला ओळखू येईना.

जुनी वाणं गोळा करायला आलेली, शेतकी कॉलेजात शिकवणारी खुलताबादची अदीबा तेवढ्यात बाबांच्या शेतात शिरली. तिनं एक फांदी तोडून वर धरली.

"मावशी, तुमच्या वाणाची खूण काय म्हणाला होतात?"

"एका देठाला दोन घाटे. गावात दुसऱ्या कुणाकडं नाय."

"मग हे काय?"

फांदीवर दोन-दोन घाटे लोंबत होते.

"होमात मूठमूठ पडली, पोती मठात गेली," अदीबा म्हणाली. " तेच बी इथं पेरलंय. दहा घरची दहा वाणं. त्यातली काही मर सोसणारी. तुम्हाला मंत्रवलेलं म्हणून दिलं ते बाजारातलं एकच वाण. एकाला मर लागली, सगळ्यांचं पीक गेलं."

"इथं एक बी रोप वाळलं नाय की!" कडुबा म्हणाला.

"वाळली, ती चेल्यांनी उपटली. खड्डे बघा."

लोक वाकले. ओळीओळीत ताजे खड्डे होते.

अदीबा बाबांकडं वळली. "मंत्र खरा असेल तर कडुबांच्या शेतात म्हणा, महाराज. आम्ही थांबतो."

बाबांना एकाएकी मौनव्रत आठवलं.

कडुबानं खाली मान घालून हात पुढं केला. "वैनी, मूठभर बी दे."

मालनबाईनं आधी निम्मं बी अदीबाच्या पिशवीत ओतलं. "शहरात नेऊन जपून ठेव, पोरी. या गावाचा भरवसा नाय." मग ती दिराकडं वळली.

"देते. पण कुणी काय सांगितलं तर आधी इचारत जा रं. आज बी जाळाय निघाला व्हतास. उद्या या बाबानं सांगितलं असतं, तर मला जाळलं असतंस."