एक टक्का मोठी पट्टी

"साहेब, युद्ध थांबलं तर तुमचा कारखाना काय बनवणार?"

तोंड माझं होतं, पण प्रश्न वकीलचा. वकील म्हणजे माझी मैत्रीण. शिक्षा झाली तरी ती आधी वाद घालते आणि मग उभी राहते, म्हणून तिचं हे नाव. मधल्या सुट्टीत तिने पैज लावली होती. "हल्ली फार बोलतेस ना? आज माइक हातात येणारच आहे. विचारून दाखव." तिच्या शेजारी बसलेली खार नुसती हसली. खार लहान चणीची आहे आणि दप्तरात कायम शेंगदाणे लपवते. मी म्हटलं, "त्यात काय, विचारते." गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला 'उपस्थित' म्हणतानासुद्धा माझा आवाज फुटायचा नाही. या वर्षी वक्तृत्वात पहिली आले आणि तेव्हापासून माझ्या तोंडाला कुलूप राहिलेलं नाही.

आमच्या गावात एकच मोठा कारखाना आहे. तिथे तोफगोळे होतात. दरवर्षी त्याचे मोठे साहेब शाळेत येतात आणि परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाला किंवा मुलीला शिष्यवृत्ती देतात. तीन वर्षं तांत्रिक शिक्षण फुकट, राहणं-जेवण फुकट, आणि नंतर दहा वर्षं कारखान्यातच नोकरी. या वर्षी पहिली मी होते. कारखान्याने पालकांना अर्धी सुट्टी दिलेली, त्यामुळे सभागृह गच्च भरलं होतं. तिसऱ्या रांगेत आई आणि बाबा होते. बाबा कारखान्यात तपासनीस आहेत. गोळ्यावर लोखंडी कडी सरकवून बघायची; सरकली तर गोळा पास, अडकली तर बाद. नऊ वर्षं ते हेच करतायत.

प्रश्न ऐकून मुख्याध्यापकांचा चेहरा दह्यासारखा झाला. साहेब मात्र हसले. माइक माझ्याच हातात ठेवून त्यांनी जरासं वाकून उत्तर दिलं.

"हुशार मुलगी आहे. बाळ, तू काळजी करू नकोस. पुढच्या सहा वर्षांच्या ऑर्डरी आमच्या हातात आहेत. इथल्या कुणाच्याही आईवडिलांचं काम जाणार नाही."

टाळ्या सुरू झाल्या. मागच्या रांगांतून पुढे येत येत सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. बाबांनी वाजवल्या, आईने वाजवल्या. मीही वाजवली. एका हातात माइक होता, म्हणून त्याच्यावरच थाप मारली, आणि ती सगळ्यांत मोठ्याने ऐकू आली.

तेवढ्यात माझी नजर खारवर गेली. तिचे हात मांडीवर होते. तिचा दादा अकरा महिने आघाडीवर आहे. दोन रांगा मागे तिची आई बसली होती. ती कारखान्यात पॅकिंगला आहे. तिने दोन टाळ्या वाजवल्या, तिसरीसाठी हात उघडले आणि ते तसेच राहिले.

आपण कशाला टाळी वाजवली ते मला तेव्हा कळलं. आणखी सहा वर्षांच्या युद्धाला.

संध्याकाळी आम्ही तिघी पाण्याच्या रांगेत होतो. आमच्या भागाचा पंप चार महिने बंद आहे. टँकर पाच वाजता येतो असं म्हणतात, म्हणजे सहाला. वकीलने पैजेचं बक्षीस म्हणून माझी बादली उचलली होती आणि त्याबद्दल कुरकुरतही होती. खार तिची रिकामी बादली पायाने पुढे सरकवत होती.

"बोल ना काहीतरी," मी म्हटलं.

"तू टाळी वाजवलीस."

"सगळ्यांनीच वाजवली."

"तुझी माइकवर होती."

मी वकीलकडे बघितलं. तिने माझी बादली या हातातून त्या हातात घेतली. मग खारच म्हणाली, "रागावले नाही गं. आईनेपण वाजवलीच की. ती म्हणते, मला ओव्हरटाइम हवाय आणि मुलगाही हवाय. दोन्ही एकदम मागायची मला लाज वाटते."

तिने शेंगदाण्यांची पुडी काढली आणि आमच्यासमोर धरली. आम्ही मूठ मूठ घेतले.

पाणीवाले काका रांग बघायला आले. ते पाणीपुरवठ्याच्या कार्यशाळेत आहेत, तिथली शिकाऊची जागा वर्षभर रिकामी आहे, आणि पंप बंद पडला की सगळं गाव त्यांनाच बोलतं. वकीलने लगेच सुरू केलं, "काका, आणखी चार महिने लागतील का? नाही, म्हणजे मी लग्न करून दुसऱ्या गावी जायचा विचार करतेय."

"कर. तिथलाही पंप बंद असेल," काका म्हणाले. त्यांनी सायकलच्या पिशवीतून एक लोखंडी चकती काढली. तिची पाती झिजून वस्तऱ्यासारखी झाली होती आणि दोन तुटलेली होती. "हा बघ पंपाचा पंखा. हा फिरतो तेव्हा पाणी वर चढतं. असा नवा ओतायला आधी लाकडाचा नमुना लागतो, मग वाळूत त्याचा साचा, मग त्यात लोखंड. लोखंड ओतणारा एक म्हातारा मी शेजारच्या गावात शोधलाय. पण नमुना कोण करणार? पूर्वी पंप इथल्याच कारखान्यात व्हायचे. नमुना करणारा उत्तम माणूस होता तिथे."

"मग तो कुठे गेला?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "तुझ्या घरी आहे. गोळ्यांना कड्या घालतो."

बाबा पूर्वी सुतारकाम करायचे एवढंच मला माहीत होतं. घरी त्यांची एक लाकडी पेटी आहे. तिच्यातली पितळी पट्टी चौथीत मी न विचारता भूमितीच्या तासाला नेली होती. दहा सेंटिमीटरच्या रेघा काढल्या. बाईंनी त्यांच्या पट्टीने मोजल्या, तर प्रत्येक रेघ एक मिलिमीटर जास्त. वीसपैकी शून्य मिळालं. शंभर मिलिमीटरला माझे एकशेएक, म्हणून आजपर्यंत शाळेत माझं नाव एकशेएक आहे. मी घरी येऊन रडले तेव्हा बाबा फक्त म्हणाले होते, "पट्टी बरोबर आहे. तुझ्या कामासाठी नाही एवढंच." आणि पेटीला कुलूप लावलं होतं.

मी बादली घेऊन निम्मं पाणी सांडत घरी पोचले. बाबा बूट काढत होते. टेबलावर शिष्यवृत्तीचा फॉर्म होता. आईने त्यावर काचेचा पेला ठेवला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून. सोमवारी तो सह्या करून द्यायचा होता.

"बाबा, तुम्ही पंपाचे नमुने करायचात?"

बाबांनी दुसरा बूट काढला, दोन्ही भिंतीशी सरळ लावले. मग माझा अभ्यासाचा स्टूल उचलला आणि उलटा केला. पहिलीपासून मी त्याच्यावर बसून अभ्यास करते. बेढब आहे, एका बाजूला गोल फुगलेला. खालून तो पोकळ होता, आतून गुळगुळीत, लाल रंगाचा, आणि कडेला बारीक अक्षरात एक आकडा होता.

"पंपाच्या कवचाचा अर्धा भाग," बाबा म्हणाले. "गोळ्यांचं काम आलं तेव्हा जागा हवी होती. सगळे नमुने जाळायला सांगितले. मी हा जळणासाठी म्हणून घरी आणला."

"नऊ वर्षं मी पंपावर बसतेय?"

"त्याआधी दोन वर्षं तो माडीवर होता."

"अहो, दोन वर्षं कुठली? गोळ्यांचं काम येऊनच नऊ झाली," आई म्हणाली. मग तीच थांबली, कारण मुद्दा तो नव्हता.

बाबांनी पेटी उघडली आणि पितळी पट्टी माझ्या पट्टीला लावून धरली. "वितळलेलं लोखंड निवताना आकसतं. शंभराला एक. म्हणून नमुना आधीच तेवढा मोठा करायचा. ही पट्टीच मोठी असते, म्हणजे हिशेब करत बसायला नको. निवल्यावर काय उरणार, ते धरूनच लाकडाला हात लावायचा."

मी विचारलं, एका गोळ्याच्या लोखंडात किती पंखे होतील. बाबांनी ओठ हलवून हिशेब केला. "दोन. थोडं उरेल."

"आणि तुमच्या शिफ्टमध्ये गोळे किती?"

"चारशे."

आईने भांडी लावायची थांबवली.

"पंप केला की वीस वर्षांनी दुरुस्तीला परत यायचा," बाबा म्हणाले. "मधल्या काळात कारखान्याला त्याच्यापासून काही नाही. गोळा एकदा गेला की गेला. म्हणून तर ऑर्डर येत राहते." एवढं सलग बोलताना मी त्यांना फार वेळा ऐकलेलं नाही.

"ते सगळं खरं आहे," आई म्हणाली. तिने टॉवेल खांद्यावर टाकला, म्हणजे आता ती बोलणार होती. "पण पंप बंद झाले कारण कुणी विकत घेईना. पगाराविना गेलेले ते दोन महिने आठवतायत ना? मला आठवतायत. गोळे आले म्हणून चूल पेटली. ही तेव्हा सहा वर्षांची होती. आणि पाणीपुरवठ्यात पगार वेळेवर कुणाचा झालाय? इथे दहा वर्षं पक्की आहेत."

आई चुकीचं काहीच बोलत नव्हती. म्हणूनच मला इतकं अवघड जात होतं. मी रागावू शकले असते तर बरं झालं असतं.

"बाबा, तो पंखा तुम्ही कराल?"

बाबांनी उजव्या हाताकडे बघितलं. नऊ वर्षं कडी सरकवून अंगठ्याच्या बाजूला कडक गाठ झाली आहे. "हात गेला आता. बारीक पाती आहेत. सांगू शकेन. कापणं दुसऱ्या कुणाला करावं लागेल."

बाहेर टँकरचा भोंगा झाला, दुसरी फेरी. आई गेली नाही. बाबाही नाहीत. मला सभागृहातली ती तिसरी टाळी दिसत होती, न वाजलेली. मी पेला उचलून फॉर्म हातात घेतला. उभी राहिले, कारण बसून मला असलं बोलता आलं नसतं, आणि स्टूलही उलटाच होता.

"आई, बाबा, मी यावर सही करणार नाही. सोमवारी हा फॉर्म साहेबांना मी स्वतः परत देईन, तुम्हाला कुणी बोलावलं तर सांगा, आमची मुलगी ऐकत नाही. पाणीवाल्या काकांकडे शिकाऊची जागा रिकामी आहे. दुपारी शाळा सुटली की मी तिथे जाणार. पैसे कमी मिळतील, ते मला माहीत आहे, आई. आणि बाबा, संध्याकाळी तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. सांगायचं तुम्ही. कापणार मी. ती मोठी पट्टी आता माझ्याकडे राहील."