त्यांना सांगा

बायकोने काउंटरवरची मेमरी कार्डांची दोन पाकिटं बोटाने बाजूला सारली आणि उरलेल्या तिसऱ्यावर टिचकी मारली.

“त्यांना सांगा, बत्तीसचं पुरे,” ती दुकानदाराला म्हणाली.

दुकानदाराने आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग हातभर अंतर राखून उभ्या असलेल्या तिच्या काचवाल्या नवऱ्याकडे. ‘त्यांना’ म्हणजे नक्की कोणाला, हे त्याच्या लक्षात यायला जरा वेळ लागला, कारण दुकानात त्या तिघांखेरीज चौथं माणूस नव्हतं.

“काका, काकू म्हणतायत...”

“ऐकलं मी,” काचवाला म्हणाला. “त्यांना सांगा, सगळ्यात मोठं घ्यायचं. दोनशे छप्पनचं. मोबाइलला चालत असेल तर त्याच्याहूनही मोठं.”

दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. मोबाइलवरून भांडणारी नवरा-बायको त्याने खूप पाहिली होती. पण आपल्याच दुकानात आपल्यालाच पोस्टमन व्हायची पाळी त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

खिडक्यांना आणि दुकानांच्या दर्शनी भागाला काचा बसवण्यात काचवाल्याचा जन्म गेला होता. बायको बस स्टँडवर घोषणा करायची. उद्या सकाळी तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाज राहील की जाईल, असं विचारल्यावर डॉक्टरांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवत, “जाईल असंच धरून चला,” म्हणून सांगितलं होतं. पाचपर्यंत दवाखान्यात दाखल व्हायचं, आणि एकदा दाखल झालं की घशाला पूर्ण विश्रांती, एक शब्दही बोलायचा नाही. लांब राहणाऱ्या मुलीचे दिवस भरत आले होते. आई, बाळासाठी काहीबाही बोलून ठेव, गोष्टी सांग, गाणी म्हण, असा तिने फोनवर हट्ट धरला होता. आज दुपारी आई तयारीने बसली, तर जागा शिल्लक नाही म्हणून मोबाइलनेच हात वर केले. म्हणून दवाखान्याच्या वाटेवर हे दुकान.

इथवर सगळं रीतसर होतं. अडलं होतं ते अबोल्यापाशी.

डॉक्टरांनी आवाजाचं सांगितलं तेव्हा काचवाल्याची पाचावर धारण बसली होती. आणि भ्याला की तो विनोद करायचा. दुसऱ्या मजल्यावर शिडी सरकली तेव्हाही लोंबकळत त्याने खालच्या गड्याला, “चहा सांग रे, मी येतोच,” असं ओरडून सांगितलं होतं. डॉक्टरांपुढेही तो पटकन बोलून गेला, “चला, म्हणजे घरात जरा शांतता तरी नांदेल!” डॉक्टर गालात हसले, नर्स खळखळून हसली. बायकोही हसली. घरी येऊन तिने चपला काढल्या आणि त्या संध्याकाळपासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. शेजारणीशी बोलत होती, दूधवाल्याशी बोलत होती, मुलीशी तर फोनवर तासन्‌तास. त्याला जेवायला हाक मारायची झाली की भिंतीकडे तोंड करून म्हणायची, “जेवण वाढलंय.”

पहिले काही दिवस त्यालाही राग आला. गमतीचं इतकं काय मनाला लावून घ्यायचं? तोही भिंतीलाच सांगू लागला, “भूक नाही.” मग ऑपरेशनची तारीख जवळ आली आणि रागाची जागा भीतीने घेतली. माफी मागायला तो दोनतीनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन आला होता, पण तिथे पोचला की तोंडातून निघायचं ते, “पाणी आहे का?” आणि ती मुकाट्याने पेला पुढे करायची.

आज दुकानातल्या घड्याळात चार वाजून गेले होते. दवाखान्याची पायरी चढायच्या आत तिने त्याच्याशी एकदा बोलावं, चांगलं नसेल तर शिवी द्यावी, पण त्याला द्यावी, एवढंच त्याला हवं होतं. बाकी कार्डं लहान की मोठी, याच्याशी त्याला खरं तर काही देणंघेणं नव्हतं.

“व्हिडिओ करायचेत का?” दुकानदाराने विचारलं. “नुसतं बोलणं असेल तर बत्तीसमध्ये खूप मावतं. काकू पंधरा दिवस रात्रंदिवस बोलत राहिल्या तरी भरायचं नाही.”

“पंधरा दिवस?” काचवाल्याचा आवाज चढला. “त्यांना विचारा, जन्मभराचं पंधरा दिवसांत कसं बसवणार?”

“त्यांना विचारा, जन्मभरात ऐकलं किती?” बायको दुकानदाराकडेच बघत म्हणाली. “आणि माझ्याकडे तास उरलाय एक. एका तासात माणूस बोलून बोलून किती बोलेल?”

“तास?” दुकानदाराला काही कळेना.

मग बायकोने त्याला सगळं सांगितलं. तिकिटाच्या रांगेत कुणी गाडीची वेळ विचारावी आणि तिने सांगावी, तितक्या सरळ सांगितलं. काचवाला पायाशी ठेवलेल्या पिशवीचा बंद उगाच सोडून पुन्हा बांधत राहिला.

दुकानदाराने काउंटरवरची तिन्ही पाकिटं गोळा करून खालच्या खणात टाकली.

“ही नकोत. दोनशे छप्पनचं तर नकोच नको, काका. वर आकडा मोठा, आत नुसता पोकळ वासा. आज सगळं घेतं आणि एक दिवस गिळून बसतं. इतरांना देतो मी, खोटं कशाला बोलू? पण तुम्हाला नाही द्यायचो.” त्याने मागच्या कपाटातून एक छोटं पाकीट काढलं. “बत्तीसचंच आहे, पण अस्सल.”

“दोन द्या,” काचवाला म्हणाला. “एकाला काही झालं तर दुसरं असू दे.”

यावर मात्र बायकोने दुकानदारामार्फत काही कळवलं नाही.

दुकानदाराने पिनेने मोबाइलची खाच उघडली, नखाएवढं कार्ड तीत बसवलं, चार ठिकाणी बोट दाबलं आणि मोबाइल तिच्यासमोर धरला.

“बोला काकू, तपासून बघू. काहीही बोला.”

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. माइकसमोर उभी हयात गेलेली बाई, पण समोर नेहमी कागद असायचा. आज कागद नव्हता. काचवाल्याला वाटलं, आता बोलेल, आपल्याला बोलेल.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,” ती म्हणाली. “फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी थोड्याच वेळात सुटत आहे.”

दुकानदाराचा चष्मा कपाळावरून नाकावर घसरला. “काय सांगता! स्टँडवरच्या त्या तुम्ही? लहानपणापासून ऐकतोय मी तुम्हाला!”

बायको संकोचून हसली. दुकानदाराने लावलं तसं मोबाइलमधून तेच वाक्य पुन्हा आलं. स्वच्छ, ठाशीव, एकही अक्षर न सांडता. काचवाल्याला मात्र ते ऐकवेना. हा आवाज सगळ्या गावाचा होता. स्टँडवर जाणाऱ्या कुणालाही तो फुकट मिळत होता. बाळाला गोष्टी मिळतील, मुलीला गाणी मिळतील, दुकानदाराला लहानपणची आठवण मिळाली. आपल्याला काय मिळणार? या विचाराची त्याला लाज वाटली, पण विचार काही जाईना.

“आवाज एक नंबर आलाय,” दुकानदार म्हणाला. “आता हे पुसून टाकतो, म्हणजे कार्ड कोरं.”

“थांबा,” काचवाला म्हणाला. “पुरुषाचा आवाज कसा येतो, तेही बघू.”

कुठल्याही शहाण्या माणसाला पटावं असं हे कारण नव्हतं. पण दुकानदार शहाणा होता, त्याने रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मोबाइल निमूटपणे त्याच्या हातात दिला. काचेवर रेघ ओढायला घेतली की मध्ये थांबायचं नसतं, थांबलं की काच भलतीकडेच तडकते. हे तो गड्यांना शिकवायचा. स्वतः मात्र मोबाइल तोंडाशी धरून नुसता उभा होता. समोरचे सेकंद पळत होते.

“मी बोलतोय,” तो शेवटी म्हणाला. “त्यांना सांगा... डॉक्टरांपुढे मी जे बोललो ते घाबरून बोललो. जिभेला हाड नसतं माझ्या. घरात शांतता नकोय मला. मला ते घर खायला...” वाक्य तिथेच तुटलं. “एवढंच. बास.”

त्याने मोबाइल काउंटरवर ठेवला. दुकानदार भिंतीवरच्या मोबाइलच्या कव्हरांकडे पाहू लागला, जणू आजच टांगली होती. मग तो खाकरला.

“काकू, हे दुसरं... तपासायचंच होतं ना. पुसून टाकू?”

बायको त्या मोबाइलकडे बघत राहिली. काचवाल्याकडे तिने पाहिलं नाही.

“राहू द्या,” ती दुकानदाराला म्हणाली. “जागा आहे की पुष्कळ.”

पैसे देऊन काचवाला पिशवी उचलून आधी बाहेर पडला. तिच्याकडे बघायचा त्याला धीर नव्हता. बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि तरी ती बोलली ती दुकानदाराशीच. आता काही उपाय उरला नव्हता. दुपार कलली होती, रस्ता गाड्यांनी भरला होता. सवयीने त्याचे पाय ज्या बाजूला वळले त्या बाजूने तो चालू लागला.

“अहो!”

त्याला ते स्वच्छ ऐकू आलं. तरीही तो चालतच राहिला. शेजारून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. त्या गोंगाटात ऐकू गेलं नसेल, असं कुणालाही वाटलं असतं.

“अहो, तिकडे कुठे निघालात? दवाखाना इकडे आहे!”

आवाज चिरकला होता, घाईत शब्द एकमेकांवर आदळले होते. रस्त्यावरच्या एकाही माणसाने मान वर करून पाहिलं नाही. डॉक्टरांनी तिला ओरडायला सक्त मनाई केली आहे, हे आठवून काचवाला ओशाळला आणि थांबला. मागे वळून त्याने कानामागे हात धरला.

“काय म्हणालीस? ऐकू नाही आलं.”

बायको त्याला पुरती ओळखून होती. ती चालत त्याच्याजवळ आली, त्याच्या हातातल्या पिशवीचा एक बंद आपल्या हातात घेतला, आणि हळू आवाजात ते सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हणाली.