ओट्याखाली बुजलेला डोह

जळी-स्थळी भरून उरलेल्या विश्वंभरा, तुला नमन. आज माझ्या वाणीत राग आहे. तो तुझ्याच पायी ठेवून बोलतो.

मी कर्जत तालुक्यातला, उल्हासला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या वळणावरचा डोह. मला कुणी खणले नाही. वळणावर पावसाळी पाणी बाहेरच्या काठाला धडकते, तळ उकरते. तसा मी घडलो. काठच्या वाळुंजाच्या झाडांची मुळे आणि शेरणीची झुडपे पुराचा जोर अंगावर घेत, त्याला शांतवून पुढे सोडीत. माझ्या खोलीत खडस मासे राहत. गावकरी त्यांना देवाचे मासे म्हणत. जाळे टाकीत नसत, सोमवारी लाह्या घालीत.

मग भक्तीला ऊत आला! त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात काठच्या महादेवापुढे मोठा ओटा बांधायचे ठरले. जागा अपुरी, म्हणून झाडे तोडली आणि माझ्यातच दगड लोटू लागले. पुढारी श्रीपत. पलीकडच्या काठावर सोनाबाईचे एकुलते एक भातखाचर. तिच्या घराने बौद्ध धम्म घेतलेला. ती तिथूनच ओरडली,

“श्रीपतदादा, पानी आमच्या अंगावर घालताय की!”

“देवाचं काम हाय, सोनाबाय. तुमचा आता देवाशी काय संबंध?”

“देवाशी नसंल, पान्याशी हाय ना? त्ये काय तुमच्या देवळात इचारून वळनार हाय?”

लोक हसले. दगड पडतच राहिले.

श्रावणात पूर आला. ओट्याच्या कोपऱ्यावर आपटून तो थेट पलीकडे वळला आणि अर्धे खाचर बांधासकट, उभ्या भातासकट घेऊन गेला. ओट्यावर आरती चालूच होती! पुढच्या वैशाखात, उरलेल्या वीतभर पाण्यात देवाचे मासे तडफडून मेले. ज्यांना लाह्या घातल्या, त्यांचेच घर दगडांनी भरलेत. याला पूजा म्हणता?

ते मासे पाहून श्रीपत हादरला. आज तो पहार घेऊन ओट्याच्या कोपऱ्यावर उभा आहे. भिवाजी गुरव आडवा आला आहे.

“देवाचा ओटा मोडतोस? हात झडतील रं!”

पलीकडे खचल्या काठात शेरणीच्या फांद्या रोवणारी सोनाबाई हाकारते, “दादा, झेपत नसंल तर पहार इकडं फेका!”

घाल, श्रीपता, घाल! पाऊस दाराशी आला आहे. तिचे उरलेले खाचर आणि माझा श्वास त्या कोपऱ्यात अडकले आहेत. ज्याच्यासाठी दगड रचलेस, तोच माझ्या तळाशी गुदमरतो आहे.

ठण्ण! पहिला दगड निखळला.

ऐकणाऱ्यांनो, तुमच्या घरी पाणी वाटेने येवो, वाटेने जावो. अलीकडच्या आणि पलीकडच्या, दोन्ही काठांच्या कणग्या भरलेल्या राहोत.