कासरा डाव्या हातात

आमच्या तळवलीत लोक म्हणतात, हिरामणची जागृती म्हणजे हिरामणच, फक्त मिशा नाहीत. म्हणू देत. हट्ट बाबांकडूनच आलाय, आणि तोच घेऊन मी त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मागे लागले.

दिवाळीनंतर बाबांना लकवा आला. पाय सावरला, बोलणंही कळण्यासारखं झालं, पण उजवा हात मांडीवर नुसता पडून. व्यायाम करून घ्यायला वैशाली मॅडम घरी यायच्या. एकदा त्यांनी मला जिन्यात थांबवून स्पष्ट सांगितलं की याच काही महिन्यांत अंगठा हलला तर हात परत येईल, नाही तर फार आशा धरू नका. त्यांनी दाबायला दिलेला मऊ चेंडू बाबांनी खिडकीतून भाडेकरूंच्या अंगणात भिरकावला. अर्थात डाव्या हाताने. वर मॅडमना विचारलं, मी काय बालवाडीत हाय?

जेवायलाही ते आमच्यात बसेनात. आई आतल्या खोलीत दार लोटून त्यांना भरवायची. ज्या माणसाने गावच्या हळदीत पंगतीच्या पंगती आग्रहाने वाढल्या, तो असा लपून जेवतोय. लोकांना अशा वेळी रडू येतं. मला राग यायचा. त्या हातावर, बाबांवर, मऊ चेंडूवर, सगळ्यांवर.

मग मला गेम सुचला. मी शाळेत असताना बाबांनी वाशीहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता, कॅसेटवाला. आणला माझ्यासाठी आणि खेळायचे स्वतः. हातात धरायच्या पट्टीवर डावीकडे दिशांची फुली, उजवीकडे बटणं, बस्स. ते मशीन कधीच भंगारात गेलं. पण जगात अजून असे वेडे आहेत जे त्या जुन्या मशीनसाठी घरी बसून नवीन गेम लिहितात. त्याला होमब्रू म्हणतात. आणि मशीन नसलं तरी अडत नाही. एम्युलेटर नावाचं सॉफ्टवेअर असतं, ते लॅपटॉपला त्या जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावतं. सोंग इतकं हुबेहूब की गेमला फरक कळत नाही.

मी महापेला सर्व्हर सांभाळते, त्यामुळे मला वाटलं, हा तर डाव्या हाताचा मळ. कसलं काय! त्या मशीनची मेमरी एवढीशी की मोबाईलमधला एक फोटो मावायचा नाही. माझे बैल आधी आभाळात धावले, मग एकाला डोक्याच्या जागी शेपूट आलं. हो, बैलच. बाबा लग्नाआधी शर्यतीत छकडा हाकायचे, म्हणून मी छकड्याची शर्यत लिहिली. फुली म्हणजे कासरा, त्याने बैल वळायचे. उजवं बटण म्हणजे हाक, अंगठ्याने दाबलं की बैल पळायचे. लॅपटॉप टीव्हीला जोडला, जुन्यासारखीच दिसणारी पट्टी आणली, आणि बाबांच्या हातात दिली.

बाबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा मी एक आगाऊपणा केला, जो आमच्याच घरात होऊ शकतो. समोरच्या छकड्याला मी नाव दिलं, श्यामसुंदर. हा माझा सख्खा मामा. जुन्या काळी एका शर्यतीत त्याने बाबांना हरवलं होतं, आणि आजही प्रत्येक लग्नात तो चारचौघांत सांगतो की हिरामण गाड्यांच्या शर्यतीत हरला, मला दया आली, म्हणून बहीण दिली.

नाव वाचलं आणि बाबा पेटले. म्हणाले, दार लाव, मना एकट्याला खेलू दे.

रोज संध्याकाळी दाराआडून बैलांच्या घुंगरांचा आवाज. आधी बाबा हरायचे, मग जिंकायला लागले, मग जिंकतच सुटले. टीव्हीवर गुणांची पाटी हिरामण, हिरामण, हिरामण अशी भरली. आईने गल्लीत पेढे वाटले. मी तर हवेत होते. ऑफिसात ओळख ना पाळख अशा लोकांना सांगत सुटले.

वैशाली मॅडम आल्या, त्यांनी अंगठा तपासला आणि म्हणाल्या की काहीच फरक नाही, हा हात काम करत नाहीये. मी त्यांच्यावरच उखडले. जिंकतोय तो माणूस, आणि तुम्ही म्हणता काम करत नाही?

पण मनात पाल चुकचुकली. एम्युलेटरमध्ये एक सोय असते. कोणतं बटण कधी दाबलं हे सगळं तो टिपून ठेवतो, गेममधली चूक शोधायला बरं पडतं म्हणून. मी ते उघडून बसले. बटण दाबलेलं असताना फुली मोकळी. फुली दाबलेली असताना बटण मोकळं. दोन्ही एकत्र एकदाही नाही. दोन हातांनी खेळणारा माणूस असा खेळतच नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मी सरळ दार ढकललं. पट्टी गुडघ्यांत धरलेली, डावा हात फुलीवरून बटणावर, बटणावरून फुलीवर नुसता उड्या मारतोय. उजवा हात चादरीखाली.

बाबांना लाज? नाव नको. "जिंकलो ना?" म्हणाले. "मना श्यामसुंदरला हरवायचा हाय. हाताचं तुमी बगा."

"तो मामा नाहीये, बाबा," मी म्हटलं. "तो मी लिहिलाय. तुम्ही मला फसवलंत."

बाबांनी टीव्हीकडे तोंड फिरवलं. मी किचनमध्ये जाऊन भांडी आदळली. वाईट याचं वाटलं की आम्ही दोघांनी मिळून आईला पेढे वाटायला लावले होते.

पण मीही हिरामणचीच पोरगी. शेराला सव्वाशेर. मी गेम पुन्हा उघडला आणि नियम बदलला. आता कासरा सतत धरून ठेवायचा. फुलीवरचं बोट उचललं की बैल जागच्या जागी थांबणार, हाक कितीही मारा. डावा हात तिथेच अडकला म्हणजे हाक उजव्यानेच. मामाची गाडी पोहोचली तरी शर्यत संपायची नाही, बाबांची येईपर्यंत थांबायची.

बाबा खवळले. असला कुठे गेम असतो म्हणाले. मी विचारलं, कासरा सोडून कुठली गाडी धावली ते सांगा. आयुष्यभर गावच्या पोरांना त्यांनीच तर हे शिकवलं होतं.

पुढचे काही दिवस त्यांनी पट्टीला हात लावला नाही. मग लावला. यावेळी दार उघडंच. उजवा हात डाव्याने उचलून बटणावर ठेवायचा, कासरा धरायचा, आणि बसायचं. मामाची गाडी जायची, बाबांची तिथेच. अंगठा घसरायचा. बाबा त्याला अशा शिव्या घालायचे की आई कानावर हात ठेवायची. तिने मला सांगितलं, बंद कर हा छळ, तो माणूस आहे, तुझं मशीन नाही. आम्ही कडाकडा भांडलो. खरं सांगते, तिचंच बरोबर असावं असं मला वाटायला लागलं होतं. तरी मी गेम काढला नाही.

एका रविवारी मी तिथेच बसून सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होते. घुंगरू वाजलं. एकदाच. वर बघितलं तर बाबांची गाडी सुरुवातीच्या रेषेच्या पुढे आली होती, जेमतेम बैलाच्या शिंगाएवढी. बाबांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. घाम आला होता, ओठ दाताखाली. बऱ्याच वेळाने पुन्हा घुंगरू. आईने आणलेला चहा तसाच गार झाला. ती उभीच राहिली, बसायचं विसरली.

पलीकडे मामाची गाडी कधीची पोहोचून उभी होती. बाबांची दिवे लागायच्या सुमारास पोहोचली. पाटीवर सगळ्यात खाली नाव आलं, हिरामण.

बाबांनी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "वरची सगली नावं काड. ती माजी नाय."

मी काढली. खालचं एकच राहिलं.

"आता श्यामसुंदरला फोन लाव," बाबा म्हणाले. "सांग त्याला, हिरामण हरला, पन दोनी हातांनी."

मी फोन लावला. मामाने उचलला, हॅलो हॅलो करत राहिला. तुम्हीच सांगा म्हणत मी फोन बाबांच्या कानाला लावला.