विहिरीवरचं पायताण

“पायतानासकट चढलाय हिरीवर. बघा तरी.”

राहीबाई हे तव्यावरच्या भाकरीला सांगत होती. शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या शालूबाईनं मान वर केली नाही. फडात नाचणाऱ्या बाईला काय ऐकायचं ते कळतं, आणि काय ऐकलं नाही असं दाखवायचं तेही.

नाथाजीचा तमाशाचा फड चैत्रातल्या जत्रेसाठी रहिमतपूरला उतरला होता. उसाचा हंगाम सरल्यामुळं गावाबाहेरचं गुऱ्हाळ रिकामं होतं. तिथंच नव्या वगाची तालीम चालली होती. महायुद्धामुळं रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून भर दुपारी. गूळ आटवायची मोठी काहील पालथी घातली होती, ती वगातली विहीर. तिच्यावर चढून बशीर सोंगाड्या डुलत होता.

वग खऱ्या खुनाचा होता. माणच्या मुलखात एका विहिरीवर, पाण्याच्या पाळीवरून, एका तरण्या गड्यानं गुंडा नावाच्या आपल्या चुलतभावाला पहारीनं मारून पाण्यात लोटलं होतं. खटला चालला तशी बाजाराबाजारांत त्याचीच चर्चा. खेळाची सुपारी द्यायला आलेली माणसं आधी विचारायची, “माणचा खून करता का?” नाथाजी टाळत आला होता. पण दुसऱ्या एका फडानं तो करून गर्दी खेचली, आणि इथल्या पंचांनी सरळ सांगितलं, तोच वग हवा, नाहीतर फड बदलू.

टाळायचं कारण चुलीपुढं बसलेलं होतं. खून करणारा कोंडीबा हा राहीबाईचा मुलगा. तो जन्मठेपेवर गेला, गावानं तिला विस्तव देणंसुद्धा बंद केलं, तेव्हा तिच्या माहेरगावच्या नाथाजीनं तिला फडात स्वयंपाकाला आणलं. फडात सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्यासारखं कुणीच वागत नव्हतं. तिच्यादेखत विहीर हा शब्द कुणी घेत नसे. बशीर तर आंघोळीला निघाला की ‘पाण्याकडं जाऊन येतो’ म्हणायचा, आणि त्यातून भलतेच गैरसमज व्हायचे. ती स्वतःही बोलत नसे. कोर्टात विचारलं तेव्हासुद्धा ती तोंडाला पदर लावून उभी राहिली होती.

मग नाथाजीनं वग आपल्या परीनं रचला. माणऐवजी लांबचं एक संस्थान घेतलं. कोंडीबाचा मोतीराव केला, तो स्वतः नाथाजी. मेलेल्या गुंडाचा हिरोजी केला, तो बशीर. आणि खूनच काढून टाकला. हिरोजी दारू पिऊन विहिरीवर चढतो, आपल्याच धोतरात पाय अडकून आत पडतो, आणि बिचाऱ्या मोतीरावावर आळ येतो. असं का, हे कुणी विचारलं नाही. शालूबाई फक्त म्हणाली होती, “बरं केलंसा, मालक.”

तालमीच्या वेळी राहीबाईला बाजाराला धाडायचं, असा बेत रोज पार पडत होता. आज ती गेली नाही.

“मिरच्या हायत की अजून,” ती म्हणाली.

नाथाजी जरा घुटमळला. मग त्याला वाटलं, बघू दे. तिच्यासाठीच तर केलंय.

वगाला लिहिलेलं काही नसतं. मालक गोष्ट सांगतो, बोलणं ज्याचं त्यानं आणायचं. दारुड्याचं बोलणं बशीरकडं पोतंभर होतं.

“ए हिरीबाय,” तो काहिलीला म्हणाला, “जरा सरक की गं पलीकडं. मलाबी आडवं व्हायचंय. आन मोटंच्या चांद्या बैला, तू बघू नगंस.”

ढोलकीवाला खिदळला. बशीरला चेव आला. त्यानं एक गिरकी घेतली, धोतराचा सोगा धरला, आणि असा काही धप्पकन खाली आला की नाथाजीलाही हसू आवरेना. शालूबाईही हसली. मग तिला करपल्याचा वास आला. राहीबाईची भाकरी कधी करपत नसे.

राहीबाई उठली होती. हाताचं पीठ पदराला पुसत ती काहिलीपाशी आली. एकेकाचं हसणं थांबत गेलं.

“बशीर, पायतान काढ.”

“काय चुकलं का, आक्का?”

“पायतान घालून त्यो हिरीवर कवाच चढला न्हाई. पान्याला पाय लागतो म्हनायचा. लांब बाभळीखाली काढून ठिवायचा.”

“कोन त्यो?” बशीरनं विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

नाथाजी पुढं झाला. “आक्का, ही हिरोजीची गोष्ट हाय. तिकडं लांबच्या संस्थानातली.”

“व्हय? आन तिथंबी मोटंचा बैल चांद्याच का रं?”

नाथाजीनं माणसांची नावं बदलली होती. बैलाचं राहूनच गेलं होतं.

“माणची मानसं मेंढरं घिऊन येत्यात ह्या जत्रंला,” राहीबाई म्हणाली. “बनुबाईबी यील.”

बनुबाई म्हणजे गुंडाची आई, राहीबाईची सख्खी जाऊ.

“तिच्यापुढं तिच्या ल्योकाला असं आपटनार, आन जत्रा हसनार?”

“आक्का, आमी तुझ्यासाठीच...” नाथाजी म्हणू लागला.

“ठावं हाय मला. लय माया केलीसा.”

बशीरनं वाकून पायताण काढलं. जोड हातात धरून तो इकडंतिकडं बघत राहिला. शालूबाईनं सूप सरकवून गुऱ्हाळाच्या मेढीशी जागा केली. त्यानं तिथं, अगदी शेजारी शेजारी, ते ठेवलं.

राहीबाईनं मान हलवली. “आसं. दारूला त्यानं कवा हात लावला न्हाई. त्या दिशी दुपारी माझ्याकडंच जेवला. दोघं एका ताटात. भाकरी लय झ्याक झालीया म्हनला, काकी, आन गेला.”

चुलीवरची भाकरी आता धुमसायला लागली होती. कुणी उठलं नाही. तिनं नाथाजीकडं बघितलं.

“त्यो पडला न्हाई, नाथा. माझ्या कोंडीबानं मारला त्याला. तसंच करा.”